वर जायचं तर ओढायचं

मला एका जागी बसवत नाही. आमचे बाबा म्हणायचे, हरिओमच्या पायाला भिंगरी आहे. पण एक खुर्ची अशी होती की तिच्यावर मी तीन-तीन तास हलायचो नाही. मलकापुरात माझ्या दोस्ताच्या, वकारच्या अब्बांचं, म्हणजे शकूरचाचांचं बी-बियाण्याचं दुकान होतं, त्याच्या मागच्या खोलीतली खुर्ची.

दोन हजार चारची गोष्ट. बीटी कपाशीच्या पाकिटांसाठी दुकानापुढं पार रस्त्यापर्यंत रांग लागायची. शकूरचाचांनी बिलं करायला कॉम्प्युटर घेतला होता, पण त्यावर बिलं कमी निघायची आणि विमानं जास्त उडायची. वकारनं भुसावळहून गेमच्या दोन सीडी आणल्या होत्या, एक विमानाची आणि एक मोटारींच्या शर्यतीची. शर्यतीत मी कायम कुंपणात घुसायचो. विमानात मात्र माझा हात धरणारा कोणी नव्हता. जॉयस्टिकची मूठ तुटली तेव्हा वकारनं तिच्या बुडाला जुन्या फवारणी पंपाचा दांडा बसवला. दांडा छातीशी ओढला की विमान वर, पुढं ढकलला की खाली. लाइट जायच्या आत विमान उतरवायचं हा आमचा नियम, त्यामुळं भारनियमनाचं वेळापत्रक तोंडपाठ. ते चौकोनी डोंगर आणि तो निळ्या कागदासारखा समुद्र आठवला की अजून जीव कासावीस होतो. आताचे गेम पाहिलेत मी. खऱ्यासारखे दिसतात, म्हणून काय झालं?

पुढं वीस वर्षं कपाशीच केली. बीटीनं आधी अळी घालवली, मग गुलाबी अळी आली ती जायचं नाव घेईना. फवारून फवारून पाठ गेली. अशात माझ्या बायकोच्या, छायाच्या बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळायचं ठरलं. चालवायला गटानं तिचं नाव दिलं. अट एकच, केंद्रावर दहा दिवस शिकून परीक्षा पास व्हायची, नाहीतर ड्रोन दुसऱ्या गावाला. 'तू चालव' म्हणून कोणी छायाच्या हातात दिलेलं हे पहिलंच यंत्र होतं.

मी त्याच दिवशी मलकापूर गाठलं. दुकान आता वकार चालवतो. माळ्यावरचा कॉम्प्युटर त्यानं काढून दिला, दांड्यासकट.

"घेऊन जा," तो म्हणाला. "पण ड्रोन अन् विमान एक नाही बे."

"उडते ना दोन्ही?" मी म्हणालो.

छाया संध्याकाळी केंद्रावरून आली की मी तिला कॉम्प्युटरपुढं बसवायचो. "वर जायचं तं ओढ! ओढ म्हणतो ना!" पहिल्या दिवशी ती म्हणाली, "तिथं मॅडम उलटं सांगते."

"मॅडम शाळेत होती तवापासून मी उडवून राह्यलो," मी म्हणालो. तिनं दांडा ओढला. आठव्या दिवशी तिनं ते विमान असं अलगद उतरवलं की मला भरून आलं. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता, खोटं कशाला बोलू?

परीक्षा एका कपाशीच्या वावरात होती. दोरीच्या अलीकडं आम्ही नवरे मंडळी उभे होतो. छायानं ड्रोन नीट उचलला, पुढं नेला. तेवढ्यात वारा सुटला आणि ड्रोन वावराच्या कडेला, धुऱ्यावरच्या बाभळीकडं सरकू लागला.

"वर घ्या!" मलिहा मॅडम ओरडल्या.

छायानं हातातल्या रिमोटची कांडी छातीकडं ओढली. ड्रोन सरळ खाली, कपाशीत.

ड्रोनची कांडी पुढं ढकलली की तो वर जातो, हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं.

"दहा दिवस ढकला म्हणून सांगतेय मी," मॅडम म्हणाल्या. "हे ओढायचं आलं कुठून?"

"माहीत नाही मॅडम. घाबरली मी," छाया म्हणाली. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिनं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मी दोरीखालून आत शिरलो. "मी शिकवलं. घरी, गेमवर. तिची चूक नाही."

गटाच्या अध्यक्ष सोजराबाईंनी कपाळाला हात लावला. "हरिओमभाऊ, आमचा ड्रोन घालवला की हो तुम्ही!"

मॅडमनी ड्रोनचे पंखे तपासले. कपाशीनं झेलल्यामुळं मोडतोड नव्हती. "सगळ्यांचं झालं की आणखी एकदा देते," त्या म्हणाल्या. "पुन्हा ओढलं तर संपलं."

तिची पाळी आली तेव्हा मी दोरीला अगदी खेटून उभा होतो. छाया माझ्यापाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही तिकडं रस्त्यावर जा. पाठ करून उभे राहा."

"काऊन?"

"तुम्ही दिसले की माहा हात तुमचंच आयकते."

मी गेलो. पंख्यांचा आवाज सुरू झाला, पुढं गेला, वाऱ्यात जरा डगमगला. ओठांवर आलेलं 'ओढ' मी गिळून टाकलं. मग आवाज चढत चढत बाभळीच्याही वरून यायला लागला आणि बायकांनी टाळ्या पिटल्या. छाया पास झाली, आणि मला ते पाठमोरंच कळलं.