आरशावरचं कुंकू

मित्रांनो, माझं अंग बोअरच्या पाइपचं आहे म्हणून मला नळ समजू नका. मी तिसगावची जुनी दुर्बीण आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे.

पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या रंगनाथने एका हिवाळ्यात काचेवर काच घासून माझा आरसा घडवला. घासताना त्याची बायको कडूबाई पाणी घालायची. मग पुण्याहून आरशाला चांदीसारखा मुलामा चढवून आणला. त्यावर नुसतं फडकं फिरलं तरी ओरखडे पडतात. मी चंद्र दाखवला, शनीची कडी दाखवली. सारी आळी मला मान द्यायची. पुढे रंगनाथ कामात गुंतला आणि मी कोपऱ्यात धूळ खात पडले.

यंदा त्याने ठरवलं, आळीला धनु राशीतला एक तारकागुच्छ दाखवायचा. आपल्या आकाशगंगेभोवती ताऱ्यांची लहान लहान बेटं फिरतात. त्यांना बटू दीर्घिका म्हणतात. त्यांतल्या एकीच्या पोटात हा गुच्छ आहे. कोजागिरीनंतरची अंधारी संध्याकाळ होती. रास पश्चिमेला कलली होती. आज हुकलं की पुढच्या वर्षीच.

माणसं जमली. रंगनाथने तपासायला माझं आरसा बसवलेलं मागचं झाकण काढलं आणि तो ओरडलाच. आरशाच्या मधोमध कुंकवाचा टिळा!

"कुणी केलं हे?"

"मी," कडूबाई म्हणाली. "खंडेनवमीला समद्या हत्यारांची पूजा केली. ही काय हत्यार न्हाई व्हय?"

शेजारचा राधाकृष्ण हसला. "आता समदे तारे लाल दिसतील बघा!"

कडूबाईची मान खाली गेली. रंगनाथने फडकं उचललं. पण त्याचा हात थांबला. माझ्या तोंडाजवळच्या छोट्या आरशाकडे बघत तो म्हणाला, "अगं, ह्याची सावली मोठ्या आरशाच्या मधोमधच पडती. तिथं उजेड येतच न्हाई. राहू दे तुजं कुंकू. पहिली तूच बघ."

कडूबाईने डोळा लावला.

"अहो, कापसाचं बोंड फुटल्यावानी दिसतंय!"

"आपली आकाशगंगा त्या लहान दीर्घिकेला वढून इस्कटतीय. तारे पांगले, पर ह्यो गुच्छ काय सुटंना."

"लई चिवट हाय की मग!"

"वहिनी, आमाला बी बघू द्या," राधाकृष्ण म्हणाला.

"थांबा भावजी. तुमाला लाल तारे बघायचेत न्हवं?"

आळी खदखदून हसली. हजारो वर्षं चालून आलेला उजेड माझ्या पाइपातून तिच्या डोळ्यात उतरत होता.

मित्रांनो, अशी दुर्बीण तुमच्याकडे असेल तर तिचा आरसा पदराने पुसू नका. झाकून ठेवा. पण झाकून विसरू नका.