नाकातलं वजन

घरात सगळे तिला वहिनी म्हणत. दिवसभर ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवायची आणि संध्याकाळी त्याच चिमट्यांनी, त्याच बारीक कानशींनी विमानांची मॉडेलं जोडायची. हात शांत, पण स्वभाव तिखट.

दोन वर्षांपूर्वी तिचं हेलिकॉप्टर धाकट्या दिराने "नुसतं दाखवायला" म्हणून मॉडेल क्लबच्या प्रदर्शनात नेलं आणि स्वतःचं नाव कोरलेला कप घेऊन आला. वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, कप आपल्याच घरात आलाय ना?"

गेल्या वर्षी तर त्याने कहरच केला. तिच्याच दुसऱ्या मॉडेलचं बक्षीस घेताना माईकवर म्हणाला, "आमच्या वहिनींचे आभार. मी काम करत असलो की वेळेवर चहा देतात." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनीलाही वाजवाव्या लागल्या, आणि त्या टाळ्या ती विसरली नव्हती.

यंदा दीर स्वतःच सुट्या भागांचं किट घेऊन आला. दोन वैमानिकांचं लढाऊ विमान, पंखांखाली बॉम्बची रांग, खोकं हे एवढं!

"वहिनी, यंदा पहिला नंबर आपलाच."

"आपला?"

"म्हणजे... घराचा हो."

"आणू की, भाऊजी," वहिनी इतकं गोड बोलली, की नवऱ्याने पेपर खाली करून तिच्याकडे पाहिलं.

विमान तिने जीव ओतून केलं. वैमानिकांचे पट्टे, इंजिनामागची काजळी, काही म्हणता काही सोडलं नाही. कितीही राग असला तरी काम वाईट करणं तिच्या हाताला जमत नव्हतं. एक गोष्ट मात्र तिने केली नाही. हे विमान मागे जड. धडाचे दोन भाग चिकटवण्याआधी नाकात शिशाच्या गोळ्या घालाव्या लागतात, नाहीतर ते शेपटीवर बसतं. किटमधल्या कागदावर तसं चित्रही होतं, पण तो कागद दिराने जन्मात उघडला नव्हता. गोळ्या वहिनीच्या पर्समध्ये गेल्या. पुढचं चाक तिने धावपट्टी रंगवलेल्या फळीवर लॅबमधल्या मेणाच्या थेंबाने चिकटवलं. जरा ऊब लागली की सुटणारं मेण.

"रंग ओला आहे हं भाऊजी. फळी धरूनच न्या."

प्रदर्शनात टेबलावर मोठा दिवा होता. वहिनी गर्दीत मागे उभी होती. परीक्षक समोर आले तसा दीर रंगात आला. "नुसते पंख बसवायलाच महिना गेला, सर..."

तेवढ्यात मेण सुटलं. विमानाचं नाक वर उठलं आणि खाऊ मागणाऱ्या कुत्र्यासारखं ते मागच्या अंगावर बसलं.

"नाकात वजन किती घातलंत?" परीक्षकांनी विचारलं.

"वजन? कसलं वजन?"

भोवती सगळे मॉडेल करणारेच होते. कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच हसले. दिराचा चेहरा लालबुंद झाला. त्याने वहिनीकडे बोट दाखवलं आणि ओरडला, "मी नाही केलं! हिने केलंय! सगळी मॉडेलं हिनेच केलीत!"

दोन वर्षं याच वाक्यासाठी वहिनी मूग गिळून बसली होती. तिला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मग पुढे होऊन तिने पर्समधल्या गोळ्या फळीवर ठेवल्या.

"खरंय. मीच केलंय."

"मग ह्या आत का नाही घातल्यात?" परीक्षकांनी विचारलं.

वहिनीने दिराकडे डोळे भरून पाहिलं.

"भाऊजींचा चहा करायच्या नादात राहूनच गेलं बघा."