चौदा खडकांची तबकडी

रविवार, २० जुलै. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं. पूर्णगड किल्ल्याचा समुद्राकडचा बुरूज. पाऊस थांबलेला, वारा चालू. बुरुजावर तीन माणसं, एक जुना लॅपटॉप आणि लॅपटॉपच्या पोटात मी.

मी एक तबकडी आहे. तुम्ही मला डीव्हीडी म्हणता. माझ्यावर एक खेळ आहे, जहाजांचा आणि बंदरांचा. कुठला माल कुठे न्यायचा, वादळ आलं तर ताफा कुठे लपवायचा, समोरच्याचा पुढचा डाव आधी कसा ओळखायचा, असा तो डोकं लावायचा खेळ. तासाभरात संपत नाही, महिनोन् महिने चालतो. त्या रविवारी जे झालं ते मी सांगते आहे, कारण ज्यांनी ते केलं ते सांगायला तयार नाहीत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबलं, वर चांदीसारखी कातडी चढवली आणि पाच सेकंदांत मी पुरी झाले. मग मला खोक्यात घातलं. सोबत एक जाड माहितीपुस्तक आणि घडीचा नकाशा होता. खोक्याच्या तळाशी मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत एक ओळ होती: खेळण्यासाठी इंटरनेट आवश्यक. दुकानात ती ओळ कुणीच वाचली नाही. आत्माराम यांनीही नाही.

आत्माराम पूर्णगडचे. मालवाहू जहाजांवर इंजिनरूममध्ये फिटर होते. बोटीवर चढायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला मुंबईत विकत घेतलं आणि पावती घडी करून माझ्याच खोक्यात ठेवली. ती अजून तिथेच आहे.

जहाजावर तीस दिवस मजेत गेले. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा होता, तो रोज एकाने उतरायचा. आत्मारामना वाटलं, खेळातलाच काहीतरी हिशेब असेल. एकतिसाव्या दिवशी, चहूकडे नुसतं पाणी असताना, आकडा शून्य झाला आणि खेळाने विचारलं, तुम्ही खरे मालक आहात का, इंटरनेटला जोडून सिद्ध करा.

आत्मारामनी पावती काढून पडद्यापुढे धरली. मेसरूममधला खानसामा पोट धरून हसला. "फिटरसाहेब, तुमचा माल कस्टमने अडवला."

तेव्हापासून मी त्या आकड्याला घाबरते. अख्खा खेळ माझ्या पोटात आहे. मी लॅपटॉपमध्ये नसेन तर खेळ सुरू होत नाही. पण कंपनीने कुठूनतरी मान हलवल्याशिवाय मी असून नसल्यासारखीच. ही मान दर तीस दिवसांनी हलवून घ्यावी लागते.

नोकरी संपवून आत्माराम गावी आले. त्यांच्या घरी मोबाइलची रेंज नाही. ती मिळते किल्ल्याच्या बुरुजावर. म्हणून महिन्यातून एकदा लॅपटॉप पिशवीत घालून ते गड चढायचे, मला कंपनीला दाखवायचे आणि उतरायचे. गावात विचारणाऱ्याला सांगायचे, "मला वर्षातून एकदा बँकेत जाऊन मी जिवंत हाय म्हणून सांगावं लागतं. हिला महिन्याला लागतं. हिची पेन्शन मोठी दिसते."

लोक हसायचे. मला हसू यायचं नाही. त्यांच्या परसात भाजीच्या वाफ्यावर सात जुन्या तबकड्या दोरीला टांगलेल्या होत्या, वानरं आणि पाखरं पळवायला. उन्हात चमकायच्या, पावसात गरगरायच्या. त्यांच्यावर कधी गाणी होती, लग्नाची चित्रफीत होती. कंपनीने एखाद्या महिन्यात मान हलवली नाही तर आठवी मी, हे मला ठाऊक होतं.

आता विठू तांडेलांचं सांगते, कारण खरी गोष्ट त्यांची आहे.

विठू पन्नास वर्षं पूर्णगडच्या खाडीतून होडी बाहेर काढत होते. खाडीच्या मुखाशी पाण्याखाली चौदा खडक आहेत. भरतीला दिसत नाहीत, ओहोटीला होडीचा तळ फाडतात. मोठ्या नौका लांबच्या खोल वाटेने जातात. लहान होड्या खडकांमधून जातात, आणि ती वाट विठूंना जशी माहीत होती तशी कुणालाच नव्हती.

माझ्या खेळात मॅप एडिटर होता. म्हणजे आपला किनारा आपणच काढायचा, खोली भरायची, खडक ठेवायचे आणि मग त्यात आपली जहाजं चालवायची. आत्मारामनी गंमत म्हणून पूर्णगडची खाडी काढायला घेतली. मासेमारी बंद होती, विठू रिकामे होते, येऊन बाजूला बसले. त्यांना कागदावरचा नकाशा कळत नसे. पण पडद्यावरची होडी हलताना दिसली की ते बोट लावून बोलायचे.

"हां, थांब. अजून जरा डावीकडे. हितं म्हातारी हाय."

"म्हातारी म्हणजे?"

"वाकलेली हाय म्हणून म्हातारी. आणि हा जावई. अवसेच्या ओहोटीला वर्षातून दोनदा तोंड दाखवतो, तेवढा मान राखून जायचं."

दोन पावसाळे हे चाललं. म्हातारी, जावई, काळी सुई, दोघी बहिणी, उलथा टोप. चौदाच्या चौदा खडक नावांसकट माझ्या खेळातल्या नकाशात उतरले. कागदावर एकही नाही. आत्मारामना कागदावर विश्वासच नव्हता. इथल्या दमट हवेत कागद सडतो, वाळवी लागते. यंत्रातलं कुठे जातं, असं ते म्हणायचे. त्यांची चूक झाली असेल तर एवढीच. त्यांनी पैसे देऊन घेतलेली वस्तू आपली समजली.

गेल्या दिवाळीआधी विठू गेले. मुंबईत कुरिअर कंपनीत असलेला त्यांचा मुलगा रघू गावी परतला आणि त्याने बापाची होडी दुरुस्तीला काढली. छोटं इंजिन बसवलं. १ ऑगस्टला मासेमारीची पावसाळी बंदी उठते. त्याआधी आत्माराम त्याला लॅपटॉपवर खडकांची वाट शिकवणार होते.

तर २० जुलै. बुरुजावर आत्मारामांबरोबर त्यांची भाची मृणाली होती. ती रत्नागिरीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते. आणि शेजारचा सुजय, जयगडच्या बंदरात नोकरीला, रविवार म्हणून घरी आलेला. दोघंही असले खेळ खेळतात आणि भेटले की भांडतात.

"काका, कंपनीला चोरांपासून माल वाचवायला नको का?" सुजय म्हणाला. "म्हणून तपासतात."

"चोराकडे पावती असते काय रे? दाखवू?"

मृणाली म्हणाली, "सुजय, तू हॉस्टेलवर हाच खेळ कुठून आणलास ते सांग की मामांना."

"तो विषय नाहीये."

"तोच आहे. तू चोरून घेतलास, तुझा अजून चालतो. यांनी विकत घेतला, म्हणून हे गुडघे दुखत असताना गड चढतात."

सुजय जरा वरमला, पण हरला नाही. "बरं, पण डीएलसीला का शिव्या देता? मी घेतो. नवीन बंदरं येतात, नवीन जहाजं येतात. बनवणाऱ्यांनी काय वारा खाऊन जगायचं?"

डीएलसी म्हणजे मूळ खेळ विकून झाल्यावर वेगळा विकलेला तुकडा. डाउनलोड करून जोडायचा.

"नवीन करा, वेगळं विका, माझं काय जातं?" आत्माराम म्हणाले. "पण घर विकल्यावर मागनं येऊन दार काढून नेलं, आणि दार पाहिजे तर वेगळं घ्या म्हटलं, तर त्याला काय म्हणायचं ते सांग."

"असं कोण करतं काका?"

दहा चाळीसला रेंज आली. कंपनीने मान हलवली. पण या वेळी कुणाला न विचारता एक अपडेटही उतरलं. मला नुसतं आत काहीतरी सरकल्यासारखं जाणवलं. आत्मारामनी खाडीचा नकाशा उघडायला बटण दाबलं. पडद्यावर ओळ आली: मॅप एडिटर आता स्वतंत्र डीएलसी आहे. तुमचे जुने नकाशे उघडण्यासाठी ते विकत घ्या.

मग सुजयने खिशातून फोन काढला. "मी घेतो, काका. माझ्याकडून." घेतलं. मुलगा मनाचा वाईट नाही. लगेच दुसरी ओळ आली: ही खरेदी फक्त नव्या आवृत्तीसाठी लागू आहे. आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत: नवी आवृत्ती जुने नकाशे वाचत नाही.

सुजय ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिला.

"हॉस्टेलवालं आण तुझं," मृणाली म्हणाली.

"उपयोग नाही. नकाशा काकांच्या खात्याच्या कुलपात आहे. माझ्याकडे उघडणार नाही."

"मग फोटो? मामा, पडद्याचा फोटो तरी काढलात?"

"एक काढलेला. त्यात खिडकीच जास्त दिसते."

तेव्हा मृणाली माझ्याकडे वळली. म्हणाली, अपडेट काढून टाकू आणि या तबकडीवरून जुना खेळ पुन्हा चढवू, तिच्यात एडिटर आहेच. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला माझीच गरज होती. मी जिवाच्या आकांताने फिरले. अर्ध्या तासात सगळं दिलं, एक अक्षर न गाळता. शंभर टक्के झाले. मग पडद्यावर आलं: ही आवृत्ती यापुढे सक्रिय करता येणार नाही.

एडिटर माझ्या पोटात आहे. नकाशा लॅपटॉपमध्ये आहे. मध्ये फक्त कुणाचीतरी मान आहे, आणि ती हलत नाही.

सोमवारपासून मृणालीने कंपनीला सहा तक्रारी लिहिल्या. खडकांचं लिहिलं, होडीचं लिहिलं, १ ऑगस्ट लिहिलं, पावतीचा फोटो जोडला. पाच वेळा यंत्राने आभार मानले. आत्माराम रोज आठवून कागदावर खुणा करत बसले, वाळवीवाल्या त्याच कागदावर. म्हातारी आठवली, जावई आठवला, दोघी बहिणी आठवल्या. उलथा टोप तीन ठिकाणी काढून तिन्ही वेळा खोडला. मी टेबलावर पडून पाहत होते, आणि परसातल्या दोरीची भीती मला आता आठवतही नव्हती.

काल, ३० जुलैला, विठूंची बायको मालन आली. तिने मला उचललं.

"ह्येंनी सांगितलेली नावां ह्याच्यातच हायत ना?"

"तशी ह्यात नाय गो. पण ही चालली असती तर दिसली असती."

तिने मला उजेडाकडे धरलं, उलट केलं, परत सुलट केलं. "माझाच तोंड दिसताय ह्यात," ती म्हणाली आणि मला हळूच खाली ठेवलं. मग म्हणाली, "रघूला सांगा ना, चार दिस थांब म्हणून. तुमचा ऐकंल."

आत्मारामनी सांगून पाहिलं. रघू म्हणाला, "थांबलो तर काय होईल काका? चार दिवसांनी खडक सांगायला येणारेत काय? बाबाबरोबर लहानपणी गेलोय मी. द्या तो कागद."

त्यांनी कागद दिला.

आज ३१ जुलै आहे. मी टेबलावरच आहे. दोरीला टांगा मला, आता हरकत नाही, पाखरांना घाबरवायला मी पुरे पडेन. एवढंच सांगते, खोक्याच्या तळाची बारीक अक्षरं वाचा, आणि ज्यांनी ती लिहिली त्यांना दारात उभं करून विचारा.

दुपारी आत्माराम बुरुजावर जाऊन मृणालीशी फोनवर बोलून आले. सहाव्या तक्रारीपुढे कंपनीने एक शब्द लिहिला आहे: निकाली.

उद्या पहाटे ओहोटीला रघूची होडी मुखातून निघेल. त्याच्या खिशातल्या कागदावर नऊ खडक आहेत. खाडीत चौदा आहेत.