उजव्या गालातला उजेड

मी एक जुनं पेट-सीटी यंत्र आहे, मित्रांनो. फुशारकी पुष्कळ मारून झाली, आज माझी फजिती सांगतो.

बारा वर्षांपूर्वी मी वर्ध्याकडच्या एका दवाखान्यात आलो. येताना जाम गावच्या चौकात माझा ट्रेलर तासभर अडकला, तर टपरीवरची माणसं चहा सोडून मला बघायला आली. तेव्हापासूनच माझं डोकं जरा हवेत.

माझं काम सोपं करून सांगतो. पेशंटच्या शिरेत थोडी किरणोत्सारी साखर टोचतात. कॅन्सरच्या पेशी भारी अधाशी. त्या ती साखर ओढून घेतात आणि मला तिथे उजेड दिसतो. सीटीमुळे हाडं दिसतात, म्हणून तो उजेड कुठे आहे तेही कळतं. तोंडाच्या आणि गळ्याच्या कॅन्सरचे पेशंट आमच्याकडे ढिगाने येतात. तंबाखू-सुपारीचा खर्रा दुसरं काय करणार!

दसऱ्याला झेंडूचा मोठा हार माझा असायचा. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या खोलीत पेट-एमआरआय आलं आणि हार तिकडे गेला. साखरेचा उजेड त्यालाही दिसतो. शिवाय जीभ, स्नायू, असं मऊ मांस ते माझ्यापेक्षा कितीतरी बारकाईने दाखवतं. पण वेळ माझ्या दुप्पट घेतं, आणि ठकठक एवढी की पेशंटच्या कानात बोळे घालावे लागतात. कसला एवढा तोरा, असं मी मनात म्हणायचो.

अशात रोहणा गावच्या देवकाबाई आल्या. आदल्या वर्षी कॅन्सरमुळे त्यांचा डावा जबडा काढला होता. उजव्या बाजूने चावून त्या कशाबशा जेवत. आजार परतला तर नाही ना, एवढंच बघायचं होतं. सोबत सून मयुरी होती.

टेक्निशियन नागसेनने साखर टोचली आणि बजावलं, "मावशी, आता तासभर चूप पडून राहाजा. बोलाचं नाई, काई खायाचं नाई."

"नाई बोलत बाप्पा," देवकाबाई म्हणाल्या.

तासाभराने त्यांना माझ्यात सरकवलं आणि मला धस्सच झालं. उजव्या गालात लख्ख उजेड!

डॉक्टर नमितांनी माझं चित्र मोठं करून पुन्हा पुन्हा पाहिलं. मयुरीने घाबरत विचारलं, "इकडूनबी आलं काय, मॅडम?"

देवकाबाई रडल्या नाहीत. गालावर हात ठेवून एवढंच म्हणाल्या, "हाबी गेला तं मी खाऊ कायनं?"

मित्रांनो, ती वाईट बातमी मी दिली होती. मला फार वाईट वाटलं.

तपासणीसाठी गालाचा तुकडा काढण्याआधी शेजारच्या यंत्रावर तपासू, असं डॉक्टरांनी ठरवलं. चार दिवसांनी पलीकडे ठकठक सुरू झाली. भिंतीआडून ती ऐकत मी सारखा म्हणत होतो, बाबा रे, मला खोटं पाड.

पाडलं की हो! उजेड नाही, गाठ नाही. चावायचा स्नायू तेवढा, अगदी धडधाकट.

"मावशी, त्या दिवशी तासभर काय करत होतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"काईच नाई. एक शब्द नाई बोलली मी." मग देवकाबाईंनी पिशवीतून आइस्क्रीमच्या काड्यांची जुडी काढली. "तोंड उघडाचा व्यायाम तेवढा केला. जबडा आखडू नये म्हून तुमीच तं म्हनलं होतं, दातात काड्या घालून करजा, एकबी पाळी चुकवाची नाई. रिकामी पडली होती, तं दोन पाळ्या उरकून टाकल्या. आज पिशवी मयुरीपाशी होती, तं राहून गेल्या."

डॉक्टर कपाळावर हात मारून हसल्या. राबणारा स्नायूही साखर ओढतो! डावा स्नायू जबड्याबरोबर गेलेला, म्हणून उजवाच तेवढा झळकला होता. मयुरी हसता हसता रडायला लागली. देवकाबाई म्हणाल्या, "मयुरे, आधी डबा काढ वो. सकाळपासून उपाशी हाओ मी." आणि तिथेच बाकावर बसून त्यांनी वरणात कुस्करलेली पोळी उजव्या बाजूने सावकाश चावून खाल्ली.

नागसेनने भिंतीवरच्या सूचनांत एक ओळ वाढवली: 'तोंडाचा व्यायामही करू नये.'

मित्रांनो, मला उजेड दिसतो, शेजाऱ्याला मांस दिसतं, पण "त्या तासात काय केलंत?" हे आम्हा दोघांनाही विचारता येत नाही. ते माणसांनीच विचारायचं आणि माणसांनीच सांगायचं. आजारी माणसाला घेऊन याल, तेव्हा क्षुल्लक वाटलं तरी सगळं सांगा. आणि खर्ऱ्याच्या वाटेला जाऊ नका.

सहा महिन्यांनी देवकाबाई पुन्हा माझ्याकडे आल्या. सुई टोचण्याआधीच त्यांनी काड्यांची जुडी नागसेनच्या हातात दिली. "घे, तुह्यापाशी ठेव. आज मशीनले भेववाचं नाई."

त्यांच्या उजव्या गालात अंधार होता. एवढा सुंदर अंधार मी बारा वर्षांत पाहिला नव्हता.