क्षचं बारदान

मार्चमध्ये येडगाव धरणाचं पाणी खाली उतरलं, की काठच्या करंजाखाली बसायला ऐसपैस जागा होई. सत्त्याण्णव साली भिमाजी गुरुजी संध्याकाळी तिथं जाऊन बसत. नोकरी संपली होती, शिकवायची सवय तेवढी उरली होती. समोर असे सातवीतली वृषाली.

तिच्या वडिलांनी, धर्माजींनी सांगून टाकलं होतं, "गणितात निघाली तर आठवीला नारायणगावला धाडीन. न्हाईतर कांद्याला माणूस लागतंच."

गुरुजींनी पाटीवर तराजू काढला. एका पारड्यात तोंड शिवलेलं पोतं आणि पाच किलोचं माप. दुसऱ्यात पंचावन्न किलोची मापं. दांडी सरळ.

"पोतं किती किलोचं ते ठाऊक नाही, म्हणून त्याला म्हणायचं क्ष. क्ष अधिक पाच बरोबर पंचावन्न. मग क्ष किती?"

वृषाली पाण्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "एकोणपन्नास."

"पुन्हा कर बरं."

"एकोणपन्नासच."

क्ष अधिक आठ बरोबर पन्नास दिलं, तर एकेचाळीस. दर खेपेला एक कमी. गुरुजी रागावले नाहीत. रागावल्यानं कुणाला क्ष सापडल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं. पण परीक्षा तोंडावर आली होती, आणि पोरगी पाटी पुसता पुसता पुटपुटली, "मला न्हाई जमायचं हे. कांदं भरलेलं बरं."

पाण्यावर ऊन हलत होतं. त्याकडं बघता बघता गुरुजींचा डोळा लागला. धरणाच्या मधोमध एक तराजू उभा होता, दांडी आभाळाला टेकलेली. पारड्यात पोतं. त्यांनी शिवण उसवली, तसे आतले कांदे एकामागून एक बगळे होऊन उडून गेले. पोतं चपटं पडलं. तरी पारडं पुरतं वर येईना.

जाग आली ती धर्माजींच्या आवाजानं. पलीकडच्या वावरात पोती काट्यावर चढत होती.

"एक्कावन्न! बारदान वजा, पन्नास धरा!"

गुरुजी सावरून बसले. "वृषाली, माझ्या पोत्यातून तू बारदान वजा करतेस का गं?"

"मग? पोतं कुणी खातंय व्हय?"

गुरुजी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग त्यांनी पाटीवर लिहिलं, क्ष + १ + ५ = ५५.

"हे तुझं गणित. उत्तर बरोबर आहे. मी अख्ख्या पोत्याला क्ष म्हणत होतो, तू आतल्या कांद्याला. पण तो एक तू मनातच ठेवलास. मनातला एक मला दिसत नाही, पेपर तपासणाऱ्यालाही दिसायचा नाही. पाटीवर मांडलं असेल तेवढंच काढायचं, आणि दोन्ही पारड्यांतून सारखं."

ती विचारात पडली. "म्हंजे पुस्तकातल्या क्षला बारदान नसतं?"

"नसतं. तो उघडाच हिंडतो."

वृषाली खुदकन हसली. मग एकेक गणित सुटत गेलं, आणि खडू झिजत झिजत चिमटीत जेमतेम धरवेल एवढा उरला. तेवढ्यात टॉवेलनं मान पुसत धर्माजी आले.

"जमतंय का हिला, गुरुजी?"

"तुम्हीच घाला की एक."

धर्माजींनी डोकं खाजवलं. "एक पोतं. त्याच्यासंगं सात किलोचं माप ठिवलं. समदं मिळून साठ भरलं. पोतं किती?"

वृषालीनं खडू उचलला आणि थांबली. "आप्पा, बारदानासकट सांगू का बिगर?"

धर्माजी तिच्याकडं बघतच राहिले. "सकट."

"त्रेपन्न."

"आन बिगर?"

"बावन्न. पर त्याला आणखी एक मांडावा लागतो." तिनं तो मांडूनही दाखवला.

धर्माजींनी मनातल्या मनात ताडून पाहिलं. मग शेजारच्या दगडावर बसले आणि पाटी मांडीवर घेऊन बराच वेळ न्याहाळत राहिले.

"गुरुजी," ते हळूच म्हणाले, "नारायणगावची सकाळची यष्टी कितीला असती?"

पाण्यावर बगळे उतरत होते. गुरुजींनी आधी तिकडं एकवार पाहून घेतलं, आणि मग वेळ सांगितली.