उकळलेला दगड

नवऱ्याने हॉलमध्ये समुद्र आणला तेव्हा मी एवढंच विचारलं, की आम्ही आता बसायचं कुठे. सहा फुटी काचेची टाकी, खाली लोखंडी स्टँड, मिठाची पोती, पंप, निळे दिवे. आणि मासा एकही नाही! दीड महिना नुसतं खारं पाणी गोल फिरत होतं. "पाणी मुरू द्यावं लागतं," तो म्हणायचा. "तोवर आपण कुजलो तरी चालेल," असं सासूबाई पुटपुटायच्या आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात जाऊन हसायचो. या एका बाबतीत त्या पूर्णपणे माझ्या बाजूने होत्या.

मग दगड आले. टाकीचा नाद सोडलेल्या कुणाकडून त्याने समुद्रातले जुने दगड विकत घेतले होते. ते म्हणे जिवंत असतात. त्यांतला एक, नारळाएवढा, त्याने टाकीत घातला नाही. त्यावर कसल्याशा समुद्री जीवांची तपकिरी बटणं उगवली होती, ओली, बुळबुळीत. "ही पसरली की बाकीचं काही जगू देत नाहीत. याचं नंतर बघतो," म्हणत त्याने कोपरापर्यंत हातमोजे चढवले, दगड बादलीत ठेवला आणि बादली सरकवली माझ्या सिंकखाली. हातमोजे बघून मी त्याची भरपूर थट्टा केली. ते कशासाठी, हे मात्र विचारलं नाही, आणि त्यानेही सांगितलं नाही.

त्याचं 'नंतर' म्हणजे कधीच नाही, हे एकवीस वर्षांच्या संसारात मला पाठ झालंय. पाचव्या दिवशी वासाने डोकं उठलं. नवरा कामावर गेला होता.

"उकळून काढ," सासूबाई म्हणाल्या. "काय असेल ते मरेल. धुतला म्हणून सांगू त्याला."

मी जुनं पातेलं काढलं. शेजाऱ्यांची वासावरून कटकट नको म्हणून खिडकी लावून घेतली. ती खिडकी आठवली की अजूनही अंगावर काटा येतो. अर्धा तास दगड रटरटत होता. मी मधूनमधून ब्रशने बटणं खरवडत होते, आणि सासूबाई टेबलाशी बसून शेंगा सोलता सोलता मला सूचना देत होत्या. तोंडात नाणं चघळल्यासारखी चव आली. उपाशी पोटी काम केल्याने असेल, असं मला वाटलं.

दुपारी सासूबाई खोकायला लागल्या. तासाभरात हुडहुडी भरली, आणि नुसत्या पलंगावर पडून असताना जिना चढून आल्यासारखी धाप लागली. नखं निळसर दिसायला लागली तशी मी घाबरून नवऱ्याला फोन केला आणि टॅक्सी बोलावली. वाटेत सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला.

"दगडाचं बोलू नकोस. त्याचा जीव आहे त्या टाकीत, उगाच तुझ्यावर डाफरेल. माझा दमा आहेच की. दमाच म्हणायचं."

नवरा हॉस्पिटलच्या दाराशीच उभा होता. आत डॉक्टरने छाती तपासली.

"आजी, दम्याचा त्रास आधीपासून आहे?"

"पंचवीस वर्षं."

"घरात काही फवारलं होतं? कसला धूर, वास?"

"काही नाही हो," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

औषधाची वाफ दिल्यावर त्यांचा श्वास जरा ठिकाणावर आल्यासारखा वाटला. डॉक्टर घरी सोडण्याचा कागद लिहायला बसला.

तेव्हाच माझे ओठ बधिर झाल्याचं माझ्या लक्षात आलं. जीभ फिरवून बघितली, तरी ते जागेवर आहेत की नाहीत कळेना. मला तर दमा नव्हता. जे त्यांना झालं होतं ते पातेल्यातून आलं होतं, आणि ते माझ्याही अंगात शिरलं होतं. आता नवऱ्यासमोर कबूल करावं लागणार, हा विचार त्या क्षणीही माझ्या मनात आला, याची मला अजून लाज वाटते. सासूबाई पलंगावरून मान हलवून नको नको म्हणत होत्या.

"डॉक्टर, मी दगड उकळला," मी म्हणाले.

"काय उकळलं?"

"दगड. स्वयंपाकघरात. अर्धा तास, खिडकी बंद करून. या तिथेच बसल्या होत्या."

बाईचं डोकं फिरलंय, असंच त्याला वाटलं असणार. पण भिंतीला टेकलेला नवरा ताडकन सरळ झाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तपकिरी बटणांचा?"

मी मान डोलावली.

"त्यात विष असतं," तो डॉक्टरला म्हणाला. बोलता बोलता तो फोनवर काहीतरी शोधत होता. "वाफेतून आत जातं. हृदयालाही धोका असतो. विकणाऱ्याने मला बजावलं होतं... घरी सांगितलं असतं, तर या दोघींनी दगड आणूच दिला नसता."

डॉक्टरने फोन घेऊन वाचलं. मग समोरचा कागद चुरगाळला.

"मी यांना घरी पाठवत होतो," तो हळूच म्हणाला, आणि उठून नर्सला जोरात हाक मारली.

मास्क आला, वायरी आल्या. मलाही शेजारच्या पलंगावर झोपवलं. यावर उतारा नाही, श्वास आणि हृदय सांभाळत राहायचं, उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर नवऱ्याला सांगत होता. नवरा नुसता हो हो म्हणत होता.

सासूबाईंना आयसीयूत नेताना त्यांचा पलंग माझ्यापाशी क्षणभर अडकला. त्यांनी मास्क बाजूला केला.

"कशाला सांगितलंस? आता बोलेल ना तो तुला."

एवढं म्हणायला त्यांना चार वेळा थांबावं लागलं.