माझं दसऱ्याचं वजन

मित्रांनो, मी एक जुना गावठी कुत्रा आहे. नाव बंड्या. रंग तांबडा, एक कान उभा आणि दुसरा कायमचा पडलेला. उमापूरजवळच्या वस्तीवर आश्रुबा आणि मंगल या नवरा-बायकोच्या दारात मी नऊ वर्षं भाकरी खातोय. दिवाळीच्या सुमारास दोघं बैलगाडी घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर जातात, तिथे कोपी, म्हणजे उसाच्या पाचटाची झोपडी, बांधून राहतात आणि उन्हाळ्यात परत येतात. त्या कोपीचा राखणदार मी. माझ्या भुंकण्याचं ऊसतोड्यांच्या सगळ्या टोळीत कौतुक होतं, हे मी नाही सांगितलं तर कोण सांगणार?

निघण्याआधी आमच्याकडे एक नेम असतो. दसरा झाला की आश्रुबा बैलांना लस टोचायला गाडी जुंपूनच गुरांच्या दवाखान्यात नेतो. चार वर्षांपूर्वी टोळीत एका पिसाळलेल्या कुत्र्याने धुमाकूळ घातला, तेव्हापासून मंगल त्याच गाडीत मलाही घालते. तिथल्या डॉक्टर सायली मॅडम सुई टोचतात, कान-डोळे बघतात, वजन करतात आणि कार्डावर लिहितात. मला ते मुळीच आवडत नाही. एकदा तर दवाखाना दिसताच मी गाडीखाली जाऊन बसलो. बैल मात्र शहाण्यासारखे उभे होते.

आता माझी एक खोड सांगतो. दसऱ्याआधी भांडीकुंडी बांधायला सुरुवात झाली की मी भाकरी सोडायचो. गाव सोडणं जिवावर यायचं. मंगल भाकरीवर गूळ चुरायची, माझी समजूत काढायची आणि दोन दिवसांत माझा रुसवा जायचा. खरं सांगू का? त्या गुळासाठीही मी थोडा रुसायचो.

यंदाही मी भाकरी सोडली. पण यंदा गूळ घातला तरी घास उतरेना. उजवीकडची दाढ अशी ठणकायची की तोंड हलवताच डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. पण सांगणार कसं?

"नाटक्या हाय हा. दरसालचंच हाय ह्याचं," मंगल हसून म्हणाली.

पंधरा दिवसांनी तिचं हसू गेलं. आश्रुबा माझ्या बरगड्यांवरून हात फिरवत म्हणाला, "म्हातारा झालाय गं. थंडीत कोपीत न्हाई टिकायचा. यंदा ह्याला हितंच सोडू."

वस्तीवर मागे राहणार होतं कोण? दारांची कुलपं आणि मी. 

तरी नेम तो नेम. दसरा झाला आणि मंगलने मला गाडीत घातलं. सायली मॅडमनी वजन केलं, जुनं कार्ड बघितलं आणि त्या थबकल्या. "मागच्या दसऱ्याला अठरा किलो होता. आता चौदा! खात नाही का?"

"रुसलाय मॅडम. गाव सोडायचं म्हणलं की लई रुसतो," मंगल म्हणाली.

"चार किलोंचा रुसवा नसतो, ताई." त्यांनी माझा ओठ वर केला. दाढ मुळापासून किडली होती आणि हिरडीत पू झाला होता.

गुंगीचं औषध देऊन त्यांनी दाढ काढली. जाग आली तेव्हा माझं डोकं मंगलच्या मांडीवर होतं. "आन् मी तुला नाटक्या म्हणत व्हते रं," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसू लागली. आश्रुबा बराच वेळ बैलांचे कासरे उगाच सोडत-बांधत राहिला. मग म्हणाला, "चल बंड्या. तुझी जागा हाय गाडीत."

आज मी कोपीच्या दारात बसून डाव्या बाजूने भाकरी चावतोय. अंग भरलंय, भुंकणंही पहिल्यासारखं झालंय. मित्रांनो, माझ्या माणसांचा माझ्यावर जीव आहे, तरी माझं दुखणं त्यांना कळलं नाही. ते कळलं कार्डावरच्या जुन्या आकड्यामुळे. म्हणून तुमच्या घरचं कुत्रं-मांजर धडधाकट दिसलं तरी वर्षातून एकदा त्याला दवाखान्यात न्या. गाडीखाली लपलं तर ओढून न्या.

पुढच्या दसऱ्याला मी पुन्हा रुसणार आहे, गूळ मिळेपर्यंत. पण मंगल आता आधी माझं तोंड उघडून दाढा बघेल, आणि मगच गूळ चुरेल.